कुंडीतला वाफसा

एप्रिल संपत आला की ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्याच्या कडेच्या रोपवाटिकांसमोर शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, लिंबू अशी रोपे पारखून घेतली जातात, त्यांना शोभतील अशा कुंड्या निवडल्या जातात आणि सगळ्यात शेवटी, पैसे देता देता, ‘दोन गोणी मातीपण टाका’ असे सांगितले जाते. माती लाल आहे एवढे दिसले की ग्राहकाचे समाधान होते. पुढे ऑगस्टमध्ये यातली बरीच रोपे माना टाकतात. त्यावर खत कमी पडले, ऊन मिळाले नाही, आमच्या हाताला झाडच लागत नाही, अशी कारणे सांगितली जातात. प्रत्यक्षात पावसाळ्यात दगावलेल्या कुंडीतल्या रोपाला उपटून पाहिले, तर मुळे तपकिरी, बुळबुळीत झालेली आणि मातीला गटारासारखा वास आलेला, असेच बहुतेक वेळा आढळते. ते रोप उपाशी मेलेले नसते, गुदमरून मेलेले असते.

शेतात वाफसा आल्याशिवाय जाणता शेतकरी पाभर, म्हणजे पेरणीचे अवजार, जुंपत नाही. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतले जादा पाणी खाली निघून जाते, मातीच्या कणांभोवती ओलाव्याचे पातळ आवरण तेवढे राहते आणि मोकळ्या झालेल्या फटींमध्ये हवा शिरते. या अवस्थेला वाफसा म्हणतात. मृदाशास्त्रज्ञ जमिनीची जलधारण क्षमता ज्या क्षणी मोजतात, तो क्षणही साधारण हाच असतो. घरच्या बागेची पूर्वतयारी म्हणजे आपल्या मातीत असा वाफसा लवकर यावा आणि जास्त काळ टिकावा अशी व्यवस्था करणे, असे मी मानतो. खताचा आणि औषधाचा विचार त्यानंतर येतो, आणि पुष्कळदा तो करावाही लागत नाही.

आमच्या इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून, जेमतेम दहा फूट रुंदीची एक पट्टी आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे भाजीपाला लावायचे ठरले, तेव्हा मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी मारलेली कुदळ वीतभर खाली गेली आणि ठण्णकन परत आली. पहिल्या तासाभरात पांढऱ्या टाइलचे तुकडे, सिमेंटची गठळी, विटांचा चुरा, पाइपचा एक तुकडा आणि कुणा गवंड्याची गंजलेली थापी एवढा ऐवज निघाला. त्याखाली रोलर फिरवून बसवलेला मुरूम होता. ठाणे आणि नवी मुंबईतल्या बहुतेक गृहसंकुलांच्या आवारात थोड्याफार फरकाने हेच सापडेल, आणि त्याला कारण इथल्या जमिनीचा इतिहास आहे.

येऊरचा डोंगर काय किंवा पारसिकची रांग काय, हा सगळा दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. तो झिजून डोंगरउतारावर लालसर-तपकिरी, उथळ माती तयार होते. धड माती न झालेला, अर्धवट झिजलेला भाग म्हणजे मुरूम. खाडीच्या बाजूला याच्या अगदी उलट स्थिती आहे. तिथे भरती-ओहोटीने आणून टाकलेला, अत्यंत बारीक कणांचा, क्षारयुक्त निळसर-काळा गाळ आहे. १९७० साली नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर तिथले नोड, म्हणजे वसाहती, उभे राहताना खाडीलगतच्या सखल जमिनींवर भराव पडत गेला. ठाण्यातही भातखाचरे आणि खाजणे (खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनी) याच पद्धतीने इमारतींखाली गेली. म्हणून आपल्या खिडकीखाली दिसते ती निसर्गाने थरावर थर देऊन घडवलेली माती बहुधा नसते. ती ट्रकने आलेली असते, आणि बांधकाम संपताना उरलेले डेब्रिज तिच्यात मिसळलेले असते.

डेब्रिजमधला मोठा माल हाताने वेचता येतो, पण सिमेंट आणि चुन्याची भुकटी वेचता येत नाही. ती आहे की नाही हे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरने कळते. एका बशीत चमचाभर कोरडी माती घेऊन त्यावर व्हिनेगरचे दहा-बारा थेंब टाकायचे आणि बशी कानाजवळ धरायची. चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, असेल तर आम्लाशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मातीतून बारीक चुरचुर ऐकू येते. आमच्या पट्टीतली माती सोडा उघडल्यासारखी फसफसली होती. कोकणपट्टीत दरवर्षी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडत असल्यामुळे इथल्या मूळ मातीतला चुना युगानुयुगे धुपत आलेला आहे, म्हणून इथे माती फसफसली तर संशय आधी बांधकामावर घ्यावा. अशा मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास किंवा वर जातो आणि त्या सामूला लोह विद्राव्य स्वरूपात राहत नाही. मातीत लोह भरपूर असूनही झाडाला ते मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नवी मुंबईतल्या कितीतरी बाल्कन्यांमध्ये अशी मोगऱ्याची आणि अनंताची रोपे दिसतात आणि त्यांचे मालक त्यांना आणखी आणखी युरिया घालत असतात. सामू फार वाढलेला असेल तर माती सुधारत बसण्यापेक्षा वरचा फूटभर थर काढून टाकून नवी माती भरणे परवडते. आम्ही शेवटी तेच केले.

नवी आणलेली मातीही तपासून घेतलेली बरी. त्यासाठी काचेची एक उभी, सरळ बाजूंची बरणी पुरते. तिच्यात एक-तृतीयांश माती, वर पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून पाच मिनिटे जोरजोराने हलवायचे आणि बरणी ओट्याच्या कोपऱ्यात, कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवायची. पहिल्याच मिनिटात तळाशी जो थर बसतो ती रेती. पुढच्या दोन-एक तासांत त्यावर जो मऊ, किंचित फिकट थर चढतो तो गाळ म्हणजे पोयटा. चिकणमातीचे कण मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतात. कणाचा आकार दहापट लहान झाला की त्याचा बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो, हे त्यामागचे गणित. रेतीचा कण ०.०५ ते २ मि.मी. असतो, तर चिकणमातीचा कण ०.००२ मि.मी.पेक्षाही लहान. आकारातल्या या फरकाचा परिणाम पृष्ठभागावर किती होतो पाहा: काळ्या जमिनीत आढळणारी स्मेक्टाइट जातीची चिकणमाती चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम घेतली, तर तिच्या पापुद्र्यांच्या आतल्या-बाहेरच्या बाजूंचे एकूण क्षेत्रफळ ७०० चौरस मीटरच्या घरात जाते. कबड्डीची पाच मैदाने त्यात मावतील. पाणी आणि अन्नद्रव्ये या पृष्ठभागांना धरून राहतात, म्हणून चिकणमाती सुपीक असते. आणि तिच्या कणांमधल्या फटीही तितक्याच बारीक असल्यामुळे पाणी तिथून हलत नाही, म्हणून ती झाडांना गुदमरवते.

खाडीकाठच्या मातीत आणखी एक गुंता आहे. तिथल्या चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. पाण्यात मीठ भरपूर असते तोवर हे कण एकमेकांना धरून गुठळ्या करून राहतात, पण पावसाने मीठ धुऊन गेले की सोडियमयुक्त कण एकमेकांपासून फुटून विखुरतात, फटी बुजवतात आणि जमिनीला लेप दिल्यासारखे होते. म्हणजे मीठ धुतले गेल्यावर जमीन सुधारायच्या ऐवजी बिघडते! यावर जिप्सम हा उपाय आहे, कारण त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे आणि तिथे क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती तयार झाल्या आहेत. कोपरखैरण्यात तळमजल्यावर गार्डन मिळाल्याचा आनंद झालेल्या एखाद्या नातेवाइकाला ही माहिती द्यायला हरकत नाही, मात्र बाल्कनीतल्या कुंडीसाठी एवढा खटाटोप करू नये. तिथे खाडीची माती वापरूच नये.

आता त्या रिकाम्या फटींकडे येतो. मातीचे वजन करून तिच्यात पोकळी किती आहे ते काढता येते. दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत ठोकून आतली माती न विस्कटता काढायची, कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवायची आणि वजन करायचे. खनिज कणांची घनता साधारण लिटरला २.६५ किलो धरली, तर एक लिटर मातीचे कोरडे वजन १.२ किलो भरल्यास तिच्यात जवळजवळ ५५ टक्के पोकळी आहे असे समजावे. आमच्या पट्टीतल्या मुरमाचे वजन १.७ किलो भरले, म्हणजे पोकळी फक्त ३६ टक्के. बागेच्या मातीचे पाठ्यपुस्तकी चित्र असे असते: निम्मा भाग घन, त्यात ४५ टक्के खनिजे आणि ५ टक्के सेंद्रिय पदार्थ, आणि उरलेल्या निम्म्या भागात पाणी व हवा साधारण सारख्या वाटणीने. मात्र एकूण पोकळीइतकेच महत्त्व छिद्रांच्या आकाराला आहे. बारीक छिद्रे पाणी धरून ठेवतात, मोठ्या छिद्रांतून पाणी निघून जाते आणि त्यांच्यातून मुळे श्वास घेतात. मुळांनाही ऑक्सिजन लागतो आणि पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा-हजारांश असतो. फटी पाण्याने भरल्या की मातीत उरलेला ऑक्सिजन मुळे आणि जिवाणू मिळून भराभर संपवतात, नंतर ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते आणि तो गटाराचा वास येऊ लागतो.

कुंडीच्या बाबतीत हा प्रश्न जमिनीपेक्षा अवघड आहे, आणि नेमका इथेच एक पिढीजात उपाय आपल्याला फसवतो. निचरा चांगला व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा, असे आपण सगळे ऐकत आलो. माझ्या आईने आयुष्यभर तसेच केले. पण पाणी बारीक छिद्रांच्या मातीतून मोठ्या छिद्रांच्या खडीत सहजासहजी उतरत नाही. बारीक फटी पाण्याला ओढून धरतात, ०.३ मि.मी. व्यासाच्या नळीत पाणी केशाकर्षणाने सुमारे १० सें.मी. वर चढते, तर ३ मि.मी.च्या नळीत जेमतेम १ सें.मी. म्हणून खडीच्या वरचा मातीचा थर पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत पाणी तिथेच अडकून राहते. कुंडीच्या तळाशी साचणारा हा ओला थर खडीमुळे नाहीसा होत नाही. तो मुळांच्या दिशेने तेवढाच वर सरकतो.

याची खात्री भांडी घासायच्या नव्या स्पंजने करून घेता येते. स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा आणि थेंब गळायचे थांबेपर्यंत वाट पाहा. आता त्यातले पाणी संपले असे वाटते. तोच स्पंज अजिबात न दाबता उभा करा. खालच्या कडेतून पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, छिद्रे तीच, फक्त उंची वाढली. छिद्रांच्या आकारावर ठरते ती पाणी धरून ठेवण्याची उंची, आणि ती उथळ भांड्यात आणि खोल भांड्यात सारखीच असते. एखाद्या मातीत हा चिंब थर ८ सें.मी.चा होत असेल, तर ३० सें.मी. खोल कुंडीत मुळांसाठी वर २२ सें.मी. मोकळे राहतात, पण १५ सें.मी.च्या कुंडीत निम्म्याहून अधिक माती चिंबच राहते. अशा कुंडीत तुम्ही तळाशी ५ सें.मी. खडी घातली, तर श्वास घ्यायला उरतात जेमतेम दोन सेंटिमीटर. तेव्हा छिद्रावर माती वाहून जाऊ नये यासाठी एक बाकदार खापरी किंवा नायलॉन जाळीचा तुकडा पुरे. खडीच्या जागी मातीच भरावी, आणि कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर ठेवावी म्हणजे खालचे छिद्र लादीला चिकटून बंद होत नाही. कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच ठेवाव्यात. डेंग्यूच्या डासांना एवढे पाणी पुरते.

निचरा सुधारायचा खरा मार्ग म्हणजे सबंध मिश्रणातलीच छिद्रे मोठी करणे. रोपवाटिकेतली लाल माती एकटी भरली तर दोन पावसांत तिचा दगड होतो. तिच्यात मूठ-दोन मूठ रेती मिसळून काही होत नाही, किंबहुना चिकणमाती रेतीच्या कणांमधल्या जागा भरून टाकते आणि गवंडी कालवतो तसला माल तयार होतो. मी सध्या वापरतो ते मिश्रण असे: दोन घमेली लाल माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, एक घमेले धुतलेले कोकोपीट आणि एक घमेले भाताचे तूस. कर्जत-मुरबाडकडच्या भातगिरण्यांत तूस गोणीने मिळते. त्याच्यात सिलिका भरपूर असल्यामुळे ते सावकाश कुजते आणि दोन-तीन हंगाम तरी मातीत हवेच्या वाटा उघड्या ठेवते. दुकानातल्या महागड्या पांढऱ्या पर्लाइटचे काम ते जवळजवळ फुकटात करते. रोगजंतूंचा आणि सूत्रकृमींचा (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींचा) उपद्रव असेल तर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घालावी. तिच्यातल्या घटकांमुळे अमोनियाचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो आणि आपल्याकडच्या धुवाधार पावसात नत्र (नायट्रोजन) थोडे टिकते.

कोकोपीट धुण्याचा आळस करू नये. नारळाच्या सोडणांचा हा भुसा, आणि काथ्यासाठी सोडणे पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, त्यामुळे त्यात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड उरलेले असते. पाच किलोची वीट फुगून साठ-सत्तर लिटर होते. ती मोठ्या पिंपात भिजवून, पाणी काढून टाकून, पुन्हा भिजवावी. पहिले पाणी कडक चहासारखे निघते. तिसऱ्या वेळी ते फिके झाले की कोकोपीट वापरायला घ्यावे. पाणी धरण्याची त्याची ताकद दांडगी आहे, म्हणूनच पावसाळी लागवडीत ते चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नये. नळाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या उन्हाळी कुंडीत त्याचे प्रमाण वाढवले तर चालते.

कंपोस्ट ‘पूर्ण कुजलेले’ असावे यावर मी भर देतो, त्याला माझी एक फजिती कारणीभूत आहे. शहरी बागेत उसाची चिपाडे वापरण्याची पद्धत महाराष्ट्रात चांगलीच रुजलेली आहे. प्रयोग परिवाराचे श्रीपाद दाभोळकर यांच्या विचारांतून स्फूर्ती घेऊन मुंबई-ठाण्यातल्या अनेकांनी चिपाडे आणि पालापाचोळ्यावर गच्च्या हिरव्या केल्या. मीही कोपऱ्यावरच्या रसवंतीतून दोन पोती चिपाडे आणली, ड्रमात भरली, आणि घाईने महिन्याभरातच मातीत मिसळून मिरचीची रोपे लावली. पंधरा दिवसांत खालची पाने पिवळी, वाढ ठप्प. चिपाडात कार्बन प्रचंड आणि नत्र नगण्य असते. ते कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना आपली शरीरे बांधायला नत्र लागते, ते त्यांना चिपाडात मिळत नाही, तेव्हा ते मातीतले नत्र उचलतात आणि रोपाच्या वाट्याला काही उरत नाही. पुढे सूक्ष्मजीव मेले की ते नत्र परत मोकळे होते, पण तोवर मिरची थांबत नाही. कार्बन आणि नत्राचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असे जमले की कुजणे सुरळीत चालते, म्हणून चिपाडांबरोबर भाजीची देठे, चहाचा चोथा, शेण असे नत्रयुक्त पदार्थ घालावेत आणि ढीग तीन-चार महिने राहू द्यावा. कंपोस्ट तयार झाले की नाही हे हाताला कळते: ते गरम लागत नाही, मूळ पदार्थ ओळखू येत नाही आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. तो वास जिओस्मिन या संयुगाचा, आणि ते स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू तयार करतात; ज्यांच्यापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले तेच हे कूळ.

जुन्या कुंडीतली माती टाकून द्यायची गरज नसते, पण तिच्यात तणांचे बी, बुरशी आणि सूत्रकृमी मागच्या हंगामातून आलेले असतात. त्यांच्यासाठी ठाण्याचा मे महिना हेच औषध आहे. माती पाणी शिंपडून ओली करायची, गच्चीवर वीतभर जाडीचा थर पसरायचा आणि पारदर्शक प्लॅस्टिकने झाकून कडा विटांनी दाबायच्या. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थराचे तापमान अनेकदा ५० अंशांवर जाते. मधून मधून माती वरखाली केली की खालच्यालाही शेक मिळतो. माती ओली असावी लागते, कारण ओल्या मातीतून उष्णता खोलवर जाते आणि ओलाव्याने जागे झालेले बी व बीजाणू उष्णतेला लवकर बळी पडतात. प्लॅस्टिक काळे चालत नाही, ऊन आतपर्यंत जायला हवे. या पद्धतीचा शास्त्रीय पाया इस्रायलमध्ये याकोव्ह कतान आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली घातला. आपल्या भागातला शेतकरी मात्र भाताचे रोप टाकण्यापूर्वी त्याच जागेवर शेण, पातेरा, कवळे (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या) पसरून ते जाळतो, म्हणजे राब भाजतो, तेव्हा तणांचे बी जाळण्याचा हेतू त्यातही असतोच. राबाच्या राखेतून पोटॅश मिळते, पण सेंद्रिय कार्बन आणि नत्र धुरावाटे जातात आणि कवळासाठी झाडे खरडली जातात, त्यामुळे शहरात प्लॅस्टिकखालचे ऊनच बरे. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचाही विचार करावा लागतो.

वजनाचा मुद्दा थोडक्यात सांगतो, पण तो टाळण्यासारखा नाही. निवासी इमारतीच्या बाल्कनीची रचना करताना भारतीय मानकांप्रमाणे चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरतात, आणि त्यात माणसेही आली. फूटभर जाडीचा भिजलेल्या मातीचा सलग वाफा तेवढ्याच जागेत ५०० किलो भरतो. म्हणून बाल्कनीत सलग वाफा करू नये, जड कुंड्या भिंतीलगत ठेवाव्यात, कठड्याच्या टोकाशी नव्हे, आणि गच्चीवर काही करायचे असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. तूस आणि कोकोपीटने मिश्रणाचे वजन बरेच उतरते, हा त्यांचा दुसरा फायदा.

उन्हाची दिशा ठरवताना मात्र पुस्तकांवर विसंबून चालत नाही, कारण त्यातली बरीच उत्तरेकडच्या थंड देशांसाठी लिहिलेली असतात आणि दक्षिणेची बाल्कनी उत्तम असे डोळे झाकून सांगतात. ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे पावसाळी लागवडीच्या ऐन दिवसांत ढगांतून जे काही ऊन येते ते उत्तरेच्या बाल्कनीला सकाळ-संध्याकाळी तिरपे मिळते, तर दक्षिणेच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याच्या छज्जाची सावली असते. डिसेंबरात चित्र उलटते: दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४७ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतल्या भिंतीपर्यंत पोचते. भेंडी, दोडका, काकडी पावसाळ्यात उत्तरेला आणि मेथी, पालक, टोमॅटो थंडीत दक्षिणेला, अशी हलवाहलव ज्यांना जमते त्यांच्या कुंड्यांना चाके लावलेली असावीत.

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते. त्याच्या आधी आठ-दहा दिवस मिश्रण कुंड्यांत भरून, दोन वेळा पाणी देऊन बसू द्यावे आणि खाली गेलेली पातळी पुन्हा भरून घ्यावी. भरताना मूठ आवळून ठोकू नये. कुंडी जमिनीवर दोनदा आपटली की पुरते. नंतर आच्छादन. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ९ मीटर वेगाने आदळतो, उघड्या मातीचे ढेकूळ फोडतो, सुटलेले बारीक कण फटींत शिरतात आणि वर पापडी धरते. सुक्या पानांचा दोन इंचांचा थर हा मार स्वतःवर घेतो. एका दिवसात १०० मि.मी. पाऊस झाला, जो ठाण्यात दर पावसाळ्यात कित्येकदा होतो, तर १२ इंची कुंडीच्या तोंडावर सात लिटर पाणी पडते. एवढे पाणी खाली जाताना नत्र आणि पोटॅश घेऊन जाते, तेव्हा खताचा सगळा डोस जूनमध्येच न देता थोडा थोडा देत राहावा.

पहिला जोरदार पाऊस झाल्यावर लगेच बी टोकण्याचा मोह होतो. त्याऐवजी दोन बोटे खोलवरची मूठभर माती घेऊन तिचा लाडूसारखा गोळा वळावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा वळलाच नाही तर ओल पुरेशी नाही. तो चपटा होऊन जमिनीला चिकटला तर फटींत अजून पाणी आहे. टप्पकन आपटून त्याचे सुटे तुकडे झाले तर वाफसा आला. आमच्या टाकीमागच्या पट्टीत पहिल्या वर्षी पाऊस उघडून आठ दिवस झाले तरी गोळा चपटाच होत होता आणि भेंडीचे बी जागेवर कुजले. गेल्या जूनमध्ये, तुसाचा आणि पाचोळ्याचा तिसरा थर घातल्यावर, तो दुसऱ्याच दिवशी सकाळी फुटला. त्या संध्याकाळी आम्ही भेंडी टोकली.